गुंजोटी, १९३८ आणि १९४८

१३ सप्टेंबर १९४८, सोमवारची सकाळ. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गाजवळचा बोरी नदीवरचा पूल भारतीय फौजेने शाबूत ताब्यात घेतला आणि निजामाच्या पश्चिम सरहद्दीचे दार उघडले. नळदुर्ग हा काही ऐरागैरा किल्ला नव्हे. बोरीचे पाणी अडवणारा बंधारा, त्या बंधाऱ्याच्या पोटात आदिलशाही काळातला पाणीमहाल, भोवती शंभराहून अधिक बुरूज. जुन्या काळी अशा किल्ल्यापुढे फौजांना तळ टाकून बसावे लागे. या वेळी एक सकाळ पुरली. नऊच्या सुमारास रणगाडे आठ किलोमीटरवरच्या जळकोटात होते आणि दुपारी सव्वातीनला उमरग्यात, म्हणजे सरहद्दीपासून ६१ किलोमीटर आत. उत्तरेकडे तुळजापुरात निजामाची एक तुकडी आणि दोनशेक रझाकार दोन तास लढून शरण आले. तिथून लोहाऱ्याकडे निघालेल्या तुकडीला अडवले ते पुराने फुगलेल्या नदीने.

पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली. लष्करी कागदांत या मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन पोलो’. दिल्लीने तिला ‘पोलिस ॲक्शन’ म्हटले आणि मराठवाड्यातली जुनी माणसे नुसते ‘ॲक्शन’ म्हणू लागली. शाळेच्या पुस्तकातली गोष्ट ध्वजवंदनापाशी थांबते. उस्मानाबाद जिल्ह्यातली, म्हणजे आजच्या धाराशिवमधली गोष्ट मात्र पुढचे कितीतरी आठवडे चालू होती आणि तिची सुरुवात दहा वर्षे आधी झाली होती. दोन्ही टोके एकाच ठिकाणी पाहायची असतील, तर उमरग्याजवळच्या गुंजोटीला जावे.

गुंजोटी ही पायगा. निजामाच्या खास फौजेच्या खर्चासाठी बड्या उमरावांना तोडून दिलेल्या जहागिरींना पायगा म्हणत, आणि तिथला कारभार बराचसा त्या उमरावांचाच चाले. १९३० च्या दशकातले हैदराबाद संस्थान सोळा जिल्ह्यांचे होते. त्यांतले औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी. प्रजा बहुसंख्येने हिंदू, वरच्या नोकऱ्यांत मुसलमान आणि कचेरीची भाषा उर्दू. सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी. त्यासाठीचा ‘गश्ती निशाण ५३’ हा हुकूम त्या पिढीला तोंडपाठ होता. राजकीय सभेला वाव नसल्यामुळे माणसे धर्माच्या, वाचनालयाच्या, तालमीच्या आडोशाने एकत्र येऊ लागली. उदगीर, उमरगा या पट्ट्यात आर्यसमाज वाढला तो असा. उदगीरच्या श्यामलाल आणि बन्सीलाल या बंधूंनी गावोगावी शाखा काढल्या. गुंजोटीच्या एका तरुणाने आर्यसमाजाची दीक्षा घेतली आणि तो वेदप्रकाश झाला. १९३८ मध्ये, आर्यसमाजी आणि मुसलमान गटांतला तणाव टिपेला पोचलेला असताना, गुंजोटीतच जमावाने त्यांचा खून केला.

हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या बहुतेक इतिहासांत पहिले हुतात्मे म्हणून नाव येते ते वेदप्रकाशांचे. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली, ऑक्टोबरात स्वामी रामानंद तीर्थांनी सत्याग्रह केला, आणि डिसेंबरात सोलापुरात लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली आर्य परिषद भरली. १९३९ च्या आर्य सत्याग्रहात हजारो माणसे निजामाच्या तुरुंगांत गेली. गुंजोटीतल्या खुनाला संस्थानाबाहेर अर्थ मिळाला तो या सत्याग्रहामुळे.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण पुढे ती उपयोगी पडेल. हा लढा एकाच वेळी दोन गोष्टी होता. एकीकडे जबाबदार राज्यपद्धतीची मागणी, सरंजामशाहीविरुद्धचा असंतोष, मातृभाषेतल्या शिक्षणाचा आग्रह. दुसरीकडे दोन धर्मांतला उघड तंटा. रामानंद तीर्थांनी पहिली बाजू पुढे ठेवण्यासाठी आयुष्य वेचले. तरी दुसरी बाजू नव्हतीच असे म्हणणे भाबडेपणाचे होईल.

भारत स्वतंत्र झाला आणि निजामाने सामील व्हायला नकार दिला, तेव्हा ही दुसरी बाजू वर आली. इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेच्या रझाकार दलाचा सर्वेसर्वा कासीम रझवी हा लातूरचा वकील. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. म्हणजे रझाकारांचा नेता आणि त्यांच्याविरुद्ध लढणारे फुलचंद गांधी, उद्धवराव पाटील हे एकाच जिल्ह्याचे. स्टेट काँग्रेसने सरहद्दीवर कॅम्प उघडले. करोडगिरीचे नाके जाळणे, सरकारला उत्पन्न देणारी शिंदीची झाडे तोडणे, लेव्हीचे धान्य नाकारणे असे कार्यक्रम सुरू झाले. उत्तरादाखल रझाकार आणि पोलिस गावांवर तुटून पडले. खंडणी मागायची, दिली नाही तर लुटायचे, प्रतिकार झाला तर घरे पेटवायची आणि माणसे मारायची, अशी ही चढती भाजणी होती. जीव वाचवायला बार्शी-सोलापूरकडे निघालेल्या बैलगाड्यांच्या रांगा मराठवाड्यातल्या घराघरांत अजून सांगितल्या जातात. ‘रझाकारी’ हा शब्द आजही जुलमासाठी वापरतात.

रझाकारांचे बळी फक्त हिंदू होते असेही नाही. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक शोएबुल्ला खान याने संस्थान भारतात विलीन व्हावे असे लिहिले आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्याला रस्त्यावर गाठून मारले.

म्हणून १३ सप्टेंबरला उमरग्यात रणगाडे आले तेव्हा लोकांना हायसे वाटले, त्यांनी हार घातले, यात नवल काहीच नव्हते.

पुढचे जे आहे ते सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे. पंडित सुंदरलाल हे जुने काँग्रेसवाले. त्यांचा ‘भारत में अंग्रेजी राज’ हा ग्रंथ इंग्रजांनी जप्त केला होता. सोबत काझी अब्दुल गफ्फार हे उर्दूतले नामांकित लेखक-संपादक आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री. हैदराबादेतून विपरीत बातम्या येऊ लागल्यावर भारत सरकारनेच हे सद्भावना मंडळ पाठवले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते नऊ जिल्हे, २१ शहरे आणि २३ मोठी गावे फिरले. ज्या गावांना जाता आले नाही अशा १०९ गावांतल्या पाचशेहून अधिक माणसांशी बोलले. त्यांचा अंदाज होता की ॲक्शनच्या काळात आणि नंतर संस्थानात किमान २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली. मरणारे बहुतेक मुसलमान. सर्वांत जास्त होरपळलेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चारांत मिळून १८ हजारांहून अधिक.

लातूरबद्दल ते लिहितात की तिथली कत्तल वीसहून अधिक दिवस चालली. सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीपैकी त्यांना तिथे जेमतेम तीन हजार आढळले. काही मारले गेले होते, उरलेले परागंदा. संस्थानात एके ठिकाणी प्रेतांनी भरलेली विहीर त्यांनी स्वतः पाहिली आणि आतले अकरा देह मोजले. एका बाईच्या छातीला मूल तसेच बिलगलेले होते.

आणि गुंजोटी. अहवालासोबतच्या गोपनीय टिपणांत ‘गंजोटी पायगा, जिल्हा उस्मानाबाद’ अशी नोंद आहे. मुसलमानांची घरे पाचशे, मारले गेलेले दोनशे. आधी फौजेने मुसलमानांची हत्यारे काढून घेतली, मग गुंडांनी हात उचलला, असा क्रम टिपणात दिला आहे. बायकांवर काय गुदरले ते गावातल्या एका स्त्रीने सांगितले आणि सुंदरलाल-गफ्फारांनी ते नावानिशी लिहून ठेवले. त्यात गावकरी आहेत आणि उमरग्याहून येणारे शिपाईही आहेत. ते तपशील इथे पुन्हा उतरवत नाही. ज्या घरांतल्या त्या लेकी होत्या, त्या घरांचे वंशज याच तालुक्यात राहत असतील.

वाचणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न येतो की अहवाल एकांगी असेल काय? सरदार पटेलांना तो तसाच वाटला. रझाकारांच्या अत्याचारांना त्यात न्याय मिळाला नाही, अशी त्यांची धारणा होती. पण अहवाल उघडून पाहिला तर रझाकारांच्या खंडणीची आणि जाळपोळीची रीत त्यात सविस्तर आहे. वर जी चढती भाजणी सांगितली ती तिथलीच. लष्करी गव्हर्नर, जनरल चौधरी, यांना धर्मद्वेष शिवलेला नाही, असे प्रशस्तिपत्र त्यात आहे. लष्करातले आणि पोलिसांतले काही लोक लुटीत आणि त्याहून वाईट गोष्टींत सामील झाल्याचे पुरावे मिळाले, हेही आहे. सोलापूर आणि सरहद्दीपलीकडच्या इतर गावांतून आलेल्या टोळ्यांकडे बोट दाखवलेले आहे. शिवाय एक गोष्ट अशी आहे जी या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत वाचून दाखवावी. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना जमावापासून वाचवले आणि त्यासाठी स्वतःचे प्राण दिले. एका धंद्यातली माणसे एकमेकांसाठी उभी राहिली, असे समितीने मुद्दाम नोंदवले. पळवून नेलेल्या बायका परत आणायला अनेक हिंदूंनी मदत केली. या विणकरांपैकी कुणाचे नाव मला कुठल्या कोनशिलेवर दिसलेले नाही.

सरकारने अहवाल प्रसिद्ध केला नाही. देश नुकताच फाळणीतून निघाला होता, काश्मीरचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत होता, हैदराबादचाही तिथे पोचला होता. त्या घटकेला तो दाबून ठेवण्यामागचे कारण समजते. पुढची सहा दशके तो दाबून ठेवण्यामागचे कारण समजत नाही. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात पाहायला मिळू लागला आणि ए. जी. नूरानी यांनी आपल्या इंग्रजी पुस्तकाच्या परिशिष्टात छापला. मराठवाड्यात तोवर दोन पिढ्या वयात आल्या होत्या.

मधल्या काळात स्मारके उभी राहिली. १९८० नंतर मुख्यमंत्री बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी राज्यभर हुतात्मा स्मारके बांधायला घेतली. जवळजवळ एकाच साच्यातल्या या वास्तू तालुक्या-तालुक्यांत दिसतात. अनेक ठिकाणी आज त्यांची दारे वर्षातून दोनतीनदा उघडतात आणि एरवी ओसरीवर पत्ते रंगतात. अंतुले स्वतः मुसलमान होते आणि त्यांनी मराठवाड्यातल्या रझाकारविरोधी हुतात्म्यांची स्मारके बांधली, ही गोष्ट सध्याच्या वादावादीत कुणाला आठवत नाही. १७ सप्टेंबरला शासकीय ध्वजारोहण होते, हयात स्वातंत्र्यसैनिकांना शाल-श्रीफळ दिले जाते. त्यांची संख्या दरवर्षी घटते आहे. वेदप्रकाशांचे नाव घेतले जाते आणि ते घेतलेच पाहिजे. गुंजोटीच्या दोनशे माणसांचा उल्लेख त्या भाषणांत येत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की एकाच गावच्या या दोन नोंदी एकमेकींना खोटे पाडत नाहीत. वेदप्रकाशांचा खून झाला म्हणून दहा वर्षांनंतरची कत्तल रास्त ठरत नाही, आणि ती कत्तल झाली म्हणून रझाकारी सौम्य ठरत नाही. पण सार्वजनिक स्मृतीत आपण जणू एकाच नोंदीला जागा आहे अशा हिशेबाने वागत आलो.

जिल्ह्याचे नाव बदलण्याचा वाद या हिशेबातच अडकला. उस्मानाबाद हे नाव शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरून. त्याआधीचे धाराशिव नाव लोकांच्या तोंडी कायम होते. शेजारच्या लेण्यांचा आणि धाराशिवचा उल्लेख अकराव्या शतकातल्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश जैन काव्यात आहे. ती लेणी मुळात बौद्ध की जैन यावर बर्जेसपासून म. के. ढवळीकरांपर्यंत अभ्यासकांनी खल केला. याच जिल्ह्यातल्या तेरचे त्रिविक्रमाचे मंदिर आकाराने सरळसरळ बौद्ध चैत्यगृह आहे, हे हेन्री कझिन्सने शंभर वर्षांमागे सांगितले. तेरकर ते ऐकून घेतात आणि त्रिविक्रमाच्या दर्शनाला जातात. दीड हजार वर्षांपूर्वीची वास्तू कुणाची होती, कुणी कुणाकडून घेतली याचा राग आता उरलेला नाही. पाऊणशे वर्षांचा राग तसा नसतो.

२९ जून २०२२ ला उद्धव ठाकरे सरकारने शेवटच्या मंत्रिमंडळ बैठकीत नामांतराचा निर्णय घेतला, जुलैत नव्या सरकारने तो पुन्हा घेतला. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची संमती आली, सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचे आणि तालुक्याचे नाव बदलल्याची अधिसूचना निघाली. ८ मे २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला. या निर्णयाविरुद्ध माझी तक्रार नाही. राजाच्या हौसेखातर गावावर चढवलेले नाव उतरवण्याचा हक्क गावाला असतो. फक्त एक गंमत नोंदवून ठेवतो. ज्या उस्मान अलीचे नाव पुसण्यात एवढा आवेश होता, त्यालाच स्वतंत्र भारताने १९५० मध्ये हैदराबाद राज्याचे राजप्रमुख केले आणि १९५६ पर्यंत तो त्या पदावर होता. फुलचंद गांधी त्याच राज्यात मंत्री झाले. ज्यांनी तुरुंग भोगला त्यांनी त्याला निभावून नेले. सत्तर वर्षांनंतरच्यांना तो सोसवला नाही.

दुसरी गंमत त्याच सप्टेंबर २०२३ मधली. एकीकडे निजामाचे नाव पाटीवरून उतरत होते आणि दुसरीकडे मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदी शोधायला बसत होती. तहसीलच्या कपाटांतून कापडात बांधलेले गठ्ठे बाहेर आले. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. ज्या लिपी येतात म्हणून एरवी कुणी विचारत नव्हते त्या म्हाताऱ्या माणसांपुढे तरुण कार्यकर्ते कागद धरून उभे राहिले. पुढे २ सप्टेंबर २०२५ ला शासनाने हैदराबाद गॅझेटियर प्रमाण धरण्याचा निर्णय काढला. म्हणजे निजामाचे कागद वाचले पाहिजेत हे आपल्याला कळते, आपल्या कामाचे असले की.

हा प्रश्न एकट्या मराठवाड्याचा नाही. तेलंगणात १७ सप्टेंबरला काय म्हणायचे यावर दरवर्षी रण माजते: एका पक्षाला ‘मुक्ती दिन’ हवा, दुसऱ्याला ‘एकात्मता दिन’, तिसऱ्याने सत्तेवर आल्यावर ‘प्रजा पालन दिन’ काढला. स्पेनने यादवी युद्धानंतरच्या जखमांवर १९७७ च्या माफीच्या कायद्याने झाकण घातले. २००० पासून नातवंडांनी रस्त्याकडेची बिनखुणेची दफनस्थळे उकरून आजोबांची हाडे शोधायला सुरुवात केली, २००७ मध्ये त्यासाठी कायदा झाला, आणि २०१९ मध्ये हुकूमशहा फ्रँकोचा देह त्याने स्वतः बांधून घेतलेल्या स्मारकातून हलवला. देह हलवल्याची बातमी जगभर झाली. खड्ड्यांतल्या हाडांची ओळख पटवण्याचे काम संथ आणि खर्चाचे. त्याची बातमी होत नाही, पण घरोघरच्या माणसांना हवे होते ते हेच. नामांतर आणि नोंद यांतही असाच फरक आहे. पाटी एका अधिसूचनेने बदलते. दोनशे माणसांची नावे लिहायची तर आधी ती शोधावी लागतात.

‘मग रझाकारांनी मारलेल्यांचे काय?’ असा सवाल कुणी केला तर उत्तर सोपे आहे: त्यांचीही सगळी नावे कुठे लिहिलेली आहेत? स्मारकांवर कार्यकर्ते आहेत, सत्याग्रही आहेत. घर जाळले गेले तेव्हा आत राहिलेली म्हातारी, बार्शीच्या वाटेवर आजाराने गेलेली पोरे यांची यादी फारशी कुणी केली नाही. अनंत भालेरावांनी १९८७ मध्ये मराठवाड्याच्या लढ्याचा मोठा ग्रंथ लिहिला, नरहर कुरुंदकरांनी हैदराबादच्या ‘विमोचन आणि विसर्जना’ची मीमांसा केली. त्या दर्जाचे काम पुढे गावपातळीवर उतरले नाही. दोन्ही बाजूंच्या बळींची नोंद एकत्र केली तर कोण कुणापेक्षा जास्त मेले हा हिशेब मांडणाऱ्यांची गैरसोय होईल. ती झालेली बरी.

करायचे तर काम अवघड नाही. सुंदरलाल अहवालाचा टीपांसह चांगला मराठी अनुवाद जिल्हा ग्रंथालयात आणि तालुक्याच्या वाचनालयांत ठेवावा, भालेरावांच्या ग्रंथाशेजारी. शिंदे समितीसाठी ज्यांनी उर्दू दप्तरे वाचली त्यांनाच गुंजोटी, लातूर, उमरगा, लोहारा या पट्ट्यातले १९४८-४९ चे पोलिस आणि महसुली कागद पाहायला सांगावे. घरे-जमिनी बळकावल्याचे सुंदरलाल समितीने लिहिले आहे. तसे झाले असेल तर फेरफारांत त्याच्या खुणा मिळतील आणि झाले नसेल तर तेही कळेल. १९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज सत्त्याऐंशीच्या पुढे आहे. त्यांच्यातल्या ज्यांना बोलायचे आहे त्यांच्याकडे रेकॉर्डर घेऊन जावे, हिंदूंकडे आणि मुसलमानांकडेही, आणि जाणाऱ्याने आधी वेदप्रकाशांची हकीकत वाचलेली असावी आणि ‘गंजोटी पायगा’चे टिपणही.